बिनदेवाचा उपास

अंगारकीला आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी जीप करून राजूरच्या गणपतीला जायची पद्धत होती. सगळ्यांना उपास. म्हणजे निघायच्या आधी साबुदाण्याची खिचडी, वाटेत राजगिऱ्याचे लाडू आणि बटाट्याचे वेफर्स, दर्शन झालं की पुन्हा खिचडी, वरून ताक. मी त्या दिवशी रोजच्या दीडपट खायची आणि गणपतीसाठी केवढं सोसलं असा चेहरा करून घरी यायची. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मी अंबडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, वय सदतीस, दोन लेकरं. वजन किती ते मला ठाऊक नव्हतं, कारण मी ते ठाऊक करून घेत नव्हते.

त्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना मला दम लागला आणि मी मध्येच बसले. मागून आमचे हेडमास्तर आले. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या दोन पावलं पुढं चालायचं.

"मॅडम, वजन वाढून राह्यलं तुमचं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्याकडं एकदम बराबर इलाज हाय."

इलाज म्हणजे पावडरीचा डबा. तेव्हा साखळी पद्धतीनं वजन कमी करायची पावडर विकायचं खूळ आलं होतं आणि शाळा चालवण्यापेक्षा हेडमास्तरांचं लक्ष त्या साखळीत जास्त होतं. जेवणाऐवजी ती पावडर दुधातून घ्यायची असं डब्यावर लिहिलेलं. हेडमास्तर ती जेवणावर घ्यायचे आणि तोंड पुसून गरम भजी मागवायचे. हे सगळं रोज डोळ्यांनी बघत असूनही मी डबा घेतला. तेव्हाच्या माझ्या अकलेबद्दल मला अजूनही काही चांगलं म्हणता येत नाही. ओल्या खडूसारखी चव. महिनाभर प्याले, आणि जेवलेही.

मग एकदा जालन्याच्या बस स्टँडवर धीर करून वजनाच्या यंत्रावर उभी राहिले. दिवे लुकलुकले, चाक फिरलं, कार्ड पडलं. अठ्ठ्याहत्तर किलो. मागं भविष्य छापलेलं: आपण मनाने उदार आहात. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. उदार मन बहुतेक कमरेभोवती साठलं होतं.

परतीच्या एसटीत मी एकच विचार केला, की आपण दिवसात खात कधी नाही? सकाळी चहाबरोबर खारी, मग पोहे, शाळेत डबा, स्टाफरूममधली भजी, घरी आल्यावर चिवडा, स्वयंपाक करताना चाखणं, लेकरांनी ताटात टाकलेलं पोटात टाकणं आणि रात्री मालिका संपल्यावर दहाला नवऱ्याबरोबर जेवण. फक्त झोपेत खात नव्हते. अंबड यायच्या आत मी ठरवून टाकलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढ्यातच खायचं. दोन वेळा जेवण, तेही घरातलंच, भाकरी-भाजी-वरण. बाकीच्या वेळी पाणी आणि बिनसाखरेचा चहा.

घरी सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना सांगितलं.

"कोन्या देवाचा हाय हा उपास?"

"कोणाचाच न्हाई, आत्याबाई."

"मंग?"

"वजन कमी करायचंय."

त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "बिनदेवाचा उपास म्हंजी उपासमार. घरात अवदसा आणती ती."

खरी अडचण वेगळीच होती. सहाच्या आत जेवायचं तर मला शाळेतून येऊन, स्वयंपाक करून, सगळ्यांच्या आधी ताट वाढून घ्यावं लागायचं. सून आधी जेवते! मी पावणेसहाला ओट्यापाशी पाट टाकून बसले की आत्याबाई देवघरात जाऊन मोठ्यानं भांडी आपटायच्या. कोर्टात कारकून असलेला माझा नवरा म्हणाला, "मला एकट्याला घास उतरत न्हाई." पहिल्याच रात्री उतरला. चार भाकरी उतरल्या. मी समोर बसून वाढत होते आणि त्याचे घास मोजत होते.

पहिले पंधरा दिवस मी वाईट वागले. आठ वाजले की डोकं दुखायचं, लेकरांवर ओरडायची. मग लक्षात आलं की ही भूक नव्हेच. मालिकेचं शीर्षकगीत लागलं की जबडा आपोआप हलायला लागायचा, आमच्या दारच्या म्हशीसारखा. ते कळल्यावर मला भुकेची भीती वाटेना, स्वतःची किळस मात्र आली.

इकडं आत्याबाईंनी शेजारणींना सांगून टाकलं, "नवस हाय तिचा, कडक." कोणत्या देवाचा ते त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. गल्लीतल्या बायकांची नजरच बदलली. मला बघून पदर सावरायला लागल्या. एकीनं माझ्या पाया पडून सुनेला मूल होऊ दे म्हणून मागणं मागितलं. मी सांगितलं, "अहो, मी जाड झालेय म्हणून जेवत नाही." त्यावर ती डोळे मिटून म्हणाली, "खरा भक्त असंच लपवतो." पोट तेच, भूक तीच. देवाला वाहिली की पुण्य, स्वतःसाठी ठेवली की अवदसा. या गल्लीत मी दहा वर्षं मान खाली घालून राहिले होते, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

वजन हळूहळू उतरलं. पहिल्या महिन्यात दीड किलो, नंतर दोन महिने काहीच नाही, मग पुन्हा. वर्षभरात बारा किलो गेले. त्याचं श्रेय घ्यायला हेडमास्तर तयारच होते. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये शिरले तर ते तीन नव्या गिऱ्हाइकांना माझ्याकडं बोट दाखवत होते.

"बघा, मॅडमला बघा. एका डब्यात काय होती अन् काय झाली!"

"सर," मी म्हणाले, "तुमचा अर्धा डबा अजून माझ्या फळीवर हाय. झाकण उघडं ठेवलं तरी त्याला मुंग्यासुद्धा लागल्या न्हाईत."

गिऱ्हाइकं उठली. पुढचे सहा महिने हेडमास्तरांनी माझी एकही किरकोळ रजा सरळ मंजूर केली नाही.

मग माझा भाऊ आला. भोकरदनकडं आमचं माहेर. जालन्यातल्या एका लग्नात माहेरच्या कोणी बाईनं मला बघितलं आणि गावात सांगितलं, की तुमच्या बहिणीच्या गळ्याची हाडं दिसू राह्यली, सासरचे तिला उपाशी ठेवून राह्यले. भाऊ पहिली एसटी धरून न कळवता दारात उभा. खांद्यावर ज्वारीचं अर्धं पोतं, म्हणजे आमच्याकडं ज्वारीच नसल्यासारखं. त्यानं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थेट आत्याबाईंना विचारलं,

"मावशी, माझ्या बहिनीला खायला देता का न्हाई?"

मी मध्ये पडले. "दादा, मीच कमी केलंय. मला पाहिजे म्हणून."

"तू गप. भ्यायलीस म्हनून बोलून राह्यलीस." मग पुन्हा त्यांना, "आमी काय मेलो न्हाई अजून. जड झाली आसंल तर घेऊन जातो."

मला वाटलं आत्याबाई आरडाओरडा करतील. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बसूनच बोलल्या.

"ह्या घरात येऊन मला चाळीस वर्सं झाली. सगळे गडी जेवले, लेकरं जेवली, की उरलंसुरलं ते माझं. कधी दुपारी चारला, कधी नुस्ती भाकर अन् पानी. एकाच वखताला जेवले मी. तीन भाऊ हायत मला. एक न्हाई आल्ता विचाराया."

भाऊ चहा प्याला, दुपारची गाडी धरून गेला. ज्वारी ठेवून गेला.

मी मात्र हलले होते. इतके महिने मी त्या बाईला अडाणी समजत होते, आणि ती इतकी बारीक का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी दोन ताटं वाढली आणि म्हणाले, "आत्याबाई, या, माझ्याबरोबर बसा."

त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला कुठं वजन कमी करायचंय?" म्हणाल्या आणि देवघरात गेल्या.

मी एकटीच जेवले. दुसरं ताट झाकून ठेवलं. पुढं महिन्याभरानं कधीतरी त्या आठच्या सुमाराला, मुलाची वाट न बघता, गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात घ्यायला लागल्या. कोणाला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवऱ्याच्या लक्षात यायला पावसाळा उलटून गेला.