फोनसाठी भाऊ हरवला

२००८ मधली गोष्ट. पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात दुपारी माझा नवाकोरा मोबाईल हरवला...

मी चंद्रपूरचा, शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगावी फिरणारा. कॅमेरावाला फोन, आठवड्यापूर्वीच घेतलेला. अख्ख्या मोहल्ल्याला दाखवून झाला होता.

ठाण्यात गेलो तर माझ्या पुढच्या माणसाला सांगत होते, फोन हरवला ना, अर्ज लिहून ठेवून जा. मी ऐकून होतो की माणूस हरवला तर त्याचा फोन कुठल्या टॉवरजवळ आहे ते पोलीस कंपनीकडून काढतात. मग काय... माझी अक्कल चालली.

सांगून टाकलं, लहान भाऊ रशीद हरवलाय, डोक्याने जरा कमी आहे, फोन त्याच्याजवळ आहे. रशीद तेव्हा घरी बसून क्रिकेट पाहत होता, आणि डोक्याने माझ्यापेक्षा बराच बरा होता.

ठाण्यातल्या जमादारांनी भराभर फोन फिरवले. माझ्या नंबरवर रिंग जात होती, पण कोणी उचलत नव्हतं. तासाभरात कळलं, गावाबाहेरच्या तलावाकडचा टॉवर आहे. मला वाटलं, आता दोन पोलीस जातील आणि फोन घेऊन येतील. पण टॉवरवरून नेमकी जागा कळत नाही... तीन-चार गावं आणि मधलं जंगल, एवढंच कळतं.

जमादारांनी मला जीपमध्ये घालून तलावावर नेलं आणि गाव गोळा केलं. माणसं काठ्या घेऊन वाघाच्या जंगलात शिरली, रशीदच्या नावाने हाका मारत. तलावात मासे धरणारे जाळी घेऊन पाण्यात उतरले... माझ्या भावाचं प्रेत शोधायला.

एका बाईने मला पाणी आणून दिलं. "रडू नको भाऊ, सापडते." मी रडत नव्हतो, मला घाम फुटला होता.

तेवढ्यात एक म्हातारे भाऊ धावत आले. माझा फोन त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. "हा तलावाच्या पाळीवर सापडला मले. मघापासून वाजून राह्यला, पण उचलाचा कसा ते समजत नाई."

जमादारांनी त्यांचा दंडच धरला. "फोन तुह्याजवळ, तं पोरगा कुठी आहे? काय केलं त्याचं?"

म्हातारे भाऊ माझ्याकडे पाहत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. आणि मी गप्प... त्यांना जीपमध्ये बसवेपर्यंत मी गप्प होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी कसंबसं तोंडातून निघालं, "साहेब, कोणी हरवलं नाही, भाऊ घरी आहे. फक्त फोन हरवला होता."

जमादार मला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर पाहिजे होतं त्यापेक्षा कमीच बोलले. म्हातारे भाऊ मात्र जीपमधून उतरले ते तडक तलावाच्या बांधावर चढले. "निघा रे बाहेर! कोणी नाई बुडालं! पोरगा घरी आहे!"

छातीइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं हसायला लागली... माझ्यावर नाही, आनंदाने.

मी हात जोडून म्हाताऱ्या भाऊंपुढे उभा राहिलो. त्यांनी फोन माझ्या खिशात टाकला. "भाऊ जिता आहे न तुहा? झालं तं मग." आणि ते जाळी गोळा करायला निघून गेले.

आता पोलिसांनी लोकेशन काढून कुणाचा जीव वाचवल्याची बातमी वाचली की बरं वाटतं... आणि मान आपोआप खाली जाते. त्या गावाची माफी मागायची राहूनच गेली. ज्याला माझ्यामुळे जीपमध्ये बसावं लागलं, त्या भल्या माणसाचं मी साधं नावही विचारलं नाही.