केंद्रावरचं दूध आणि वरून आलेला नियम

आमच्या शेजारच्या खोलीतल्या वहिनीवर अन्याय झाला तो चोपन्न सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी सातच्या सुमारास, भांडुपच्या दूध केंद्राच्या दारात. वहिनी मालवणकडची, नवरा कारखान्यात. तीन वर्षांची मुलगी गोवरातून नुकती उठलेली, अंगात ताप, पायांत जोर नाही. केंद्रावर पावडरीचं दूध फुकट मिळे. पावडर पाठवायची जगातल्या देशांनी मिळून काढलेली एक संस्था. वाटायची वस्तीतली समिती. समितीत सगळे बंगल्यांतले. चाळीतलं कोणी नाही.

नियम असा, की मुलानं रांगेत उभं राहायचं आणि तिथंच, कार्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत दूध प्यायचं. वहिनी त्या दिवशी कार्ड आणि तांब्या घेऊन एकटीच गेली. मी मागेच उभा होतो, धाकट्या भावाला घेऊन.

"चेडवाक उठवणा नाय ओ," ती म्हणाली. "तांब्यात घाला, मी नेऊन पाजतंय."

समितीचे चिटणीस म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "घरी न्यायला मिळत नाही, बाई. नियम माझा नाही, वरून आलाय. उद्या हॉटेलात नेऊन विकाल."

रांगेत चाळीतल्या पंधरावीस बायका. वहिनी तांब्या पदराखाली धरून परत गेली. पुढं तीन दिवस मुलगी आली नाही म्हणून चिटणिसांनी कार्डावर तांबडी रेघ मारली. नाव कापलं. जी पोर आजारी म्हणून येऊ शकत नाही तिचं दूध बंद, आणि जी धडधाकट ती पिते. हे डोकं कुठल्या देशाचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी तेव्हा वीस वर्षांचा. आमच्या राजकीय मंडळाची पत्रकं लिहायची, वाटायची, हाच धंदा. वहिनीला म्हटलं, "बघा, थेट त्या संस्थेच्या परदेशातल्या मुख्य कचेरीला लिहितो."

"लिवा," ती म्हणाली. "पण बेगीन लिवा."

बेगीन कुठलं. मला आठ दिवस लागले. मुलुंडच्या टायपिंग क्लासात बसून इंग्रजीत चार पानं बडवली. पहिल्या पानावर साम्राज्यशाही. दुसऱ्यावर बड्या राष्ट्रांचा नकाराधिकार, तो कसा रद्द व्हावा. तिसऱ्यावर कोरिया. चौथ्याच्या तळाशी, जागा उरली म्हणून, दोन ओळी: भांडुपमधील एका बालिकेचे दूध बंद करण्यात आले आहे. खाली वहिनीचा अंगठा घेतला. तिला वाटलं, चार पानं तिच्याच पोरीची.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. जाड कागद. मी दारातच वाचून मराठीत सांगायला लागलो. आपल्या मौलिक विचारांबद्दल आभार. नकाराधिकाराचा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा. आम्ही फक्त सरकारांशी पत्रव्यवहार करतो, सबब स्थानिक तक्रार आपल्या सरकारकडे पाठवली आहे.

वहिनी चुलीपुढून उठून आली होती. "ह्यात माझ्या चेडवाचा काय आसा?"

"शेवटी आहे ना. स्थानिक तक्रार म्हणून."

"तुमी शेवटाक लिवलात, म्हणान त्येनी शेवटाक वाचल्यानी," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली.

मला राग आला. तिची चूक नव्हती, तरी तिच्यावरच. ती बोलली ते खरं होतं, म्हणून.

पुढचं ऐका. तक्रार दिल्लीला गेली, दिल्लीहून मुंबईला, तिथून आरोग्य खात्यात, आणि खात्यानं ती चौकशीसाठी केंद्राच्या चिटणिसांकडेच पाठवली. रेघ मारणाऱ्याकडे. त्यांनी शेरा दिला: चौकशी केली, तक्रारीत तथ्य नाही. हा शेरा त्यांनी मला स्वतः दाखवला, चहा पाजून.

"तरुण आहेस," म्हणाले. "लिहितोस झकास."

मुलगी जगली. पायांना बाक आला तो राहिला. शाळेत पोरं तिला चिडवतात. दुधानं तो टळला असता का, हे मी छातीठोक सांगणार नाही. तिला ते मिळू दिलं नाही, एवढं सांगतो.

आता या संस्था सुधाराव्यात म्हणून सभा होतात, ठराव होतात. आमच्या मंडळातही मीच दोनदा मांडले. कुणाला किती मतं, कुणाची खुर्ची कायम. होऊ देत. पण ती संस्था सरकारशी बोलणार, सरकार समितीशी, आणि समिती स्वतःशीच. मग वर खुर्च्या कितीही बदला, खाली वहिनीचं कोण ऐकणार?

तेव्हा हे वाचून मान हलवू नका. तुमच्या वस्तीत परदेशी मदतीचं केंद्र असेल, दुधाचं, औषधाचं, कसलंही, तर त्याच्या पुढच्या बैठकीला जाऊन बसा. ज्या बाया रोज त्या रांगेत उभ्या राहतात त्यांतल्या दोघींना समितीत घ्या म्हणून उभ्यानं मागा, आणि घेतल्याचं कागदावर लिहून मिळेपर्यंत खाली बसू नका.