पान अकराची दुरुस्ती

“लिहून घ्या, महत्त्वाचं आहे,” असं म्हणून सर उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे आणि पुढचं वाक्य विरामचिन्हांसकट सांगायचे. ब्रिस्टलला आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा म्हणाले, “आमटी उत्तम, कॉमा, मीठ किंचित कमी, फुलस्टॉप.” तुमच्याही कॉलेजात असा एक प्राध्यापक असणारच. पिवळ्या पडलेल्या नोट्स हातात, आणि नजर खिडकीबाहेर.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात त्यांनी अठरा वर्षं मध्ययुगीन इंग्रजी साहित्य शिकवलं. प्लेगने ओस पडलेली गावं, फ्रेंच बोलणारा दरबार, मठात बसून पोथ्या नकलणारे साधू, सगळं तोंडपाठ. इंग्लंड मात्र पाहिलेलं नव्हतं. ऐंशी सालानंतर वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माझ्याच हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरची नोकरी लागली, आणि त्यांच्या मागोमाग सर आले.

इथल्या कॉलेजांना त्यांनी अर्जांमागून अर्ज केले. इंग्रजांना इंग्रजी शिकवायला मराठवाड्यातून माणूस कोण नेणार? शेवटी हॉस्पिटलच्या तळघरात पेशंटच्या फायली लावायचं काम मिळालं. “मठातलंच काम आहे डॉक्टर, फक्त नक्कल करायची नाही,” ते हसून सांगायचे. मला काही हसू यायचं नाही.

त्यांचा खरा जीव होता तो त्या काळच्या नाटकांवर. शहरातले कारागीरच बायबलमधल्या गोष्टी चाकांच्या गाड्यांवर करून दाखवायचे. नोहाची नौका गलबतं बांधणाऱ्यांकडे, येशूचं शेवटचं जेवण बेकरीवाल्यांकडे. ‘म्हणजे प्रत्येकाने आपापला धंदा देवाच्या कामी लावला!’ हे सांगताना सरांचे डोळे चमकायचे. त्यांच्या नोट्समध्ये पान अकरावर त्या गाडीची आकृती होती. दोन मजली, खाली कपडेपट, वर रंगमंच. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ती काढून घ्यायचे.

युनिव्हर्सिटीच्या संध्याकाळच्या वर्गात त्यांनी नाव घातलं, सोबतीला मलाही ओढलं. शिकवणारी बाई तरुण होती. बोलता बोलता ती म्हणाली, त्या दोन मजली गाडीला भक्कम पुरावा नाही. अगदी अखेरच्या काळात कुणीतरी लिहून ठेवलेलं वर्णन लोक सगळीकडे लावत बसले. सरांनी हात वर केला. “आर यू शुअर, मॅडम?” ती गोड हसली. आता असं कोणी शिकवत नाही, म्हणाली.

परतताना बसमधून उतरल्यावर सर म्हणाले, “अठरा वर्षं, डॉक्टर. दर वर्षी साठ मुलं.”

त्या आठवड्यापासून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहायला घेतली. निळी एरोग्राम, मजकूर एकच: ‘पान अकरा. आकृती खोडावी. चूक माझी.’

“अहो, कोण वाचणारेय हे? लेट इट गो ना,” वहिनी म्हणाल्या.

“चुकीचं शिकवलंय मी. ते तसंच ठेवून मरू?”

वर्षभरात एक उत्तर आलं, एका विमा एजंटचं. ‘सर, तो प्रश्न आम्ही ऑप्शनला टाकला होता. तब्येतीस जपा.’ सरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा चष्मा काढून ठेवला.

एक पत्र तसंच परत आलं. पहिल्या बाकावरच्या लाडक्या विद्यार्थ्याला पाठवलेलं. तो गाव सोडून गेला होता. सरांनी ते माझ्या हातात दिलं. “तुम्हाला माणसं भेटतात. हा कधी भेटलाच तर द्या. तेवढ्या एकाला तरी कळू दे.”

त्यानंतर ‘लिहून घ्या’ मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आमटीबद्दलही ते काही बोलेनासे झाले. माणूस असा डोळ्यांदेखत विझतो आणि आपण ब्लडप्रेशर मोजत बसतो. मी डॉक्टर होतो, आणि माझ्याकडे त्याच्यावर काहीही नव्हतं.

नव्वदीनंतर एका हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले. इथल्या मराठी मंडळाने चर्चच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. ते परत आलेलं पत्र वहिनींना द्यावं म्हणून मी कोटाच्या खिशात घालून गेलो होतो. शेवटी एक अनोळखी गृहस्थ उठले. सात वर्षं बेसिंगस्टोकला कंप्युटर कंपनीत होते, मंडळाच्या पत्रकात बातमी वाचून आले होते. त्यांनी नाव सांगितलं आणि माझा हात खिशाकडे गेला. त्या पत्रावर तेच नाव होतं. सात वर्षं हा माणूस इथून दीड-दोन तासांवर राहत होता.

“इथे आलो तेव्हा काहीच फॅमिलिअर नव्हतं. माझ्याकडे फक्त सरांची ती गाडी होती,” ते म्हणाले. “लास्ट वीकलाच मुलीला स्कूल प्रोजेक्टसाठी काढून दिली.” मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली. “गाडीला दोन मजले, कॉमा, खाली कपडेपट, कॉमा, वर रंगमंच, फुलस्टॉप.” सगळा हॉल रडला. वहिनीसुद्धा.

नंतर ते माझ्यापाशी आले. सर असते तर त्यांनी या गृहस्थांना तिथल्या तिथे थांबवलं असतं. मी म्हणालो, “फार छान बोललात.”

सरांनी मला एकच काम सांगितलं होतं. पत्र अजून माझ्याकडेच आहे.