ट्रीट आणि क्युअर

माझी आई प्रमोदिनी एकतीस वर्षं अंथुर्णे गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, आणि चुकीला माफी नाही हा तिचा खाक्या. वरवर सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर तर तिचा खास डोळा. ‘ट्रीट’ म्हणजे उपचार करणं, ‘क्युअर’ म्हणजे रोग मुळासकट घालवणं. एकाच्या जागी दुसरा लिहिला की लाल शाईची काट बसलीच. बाबा हसून म्हणायचे, “अगं, अर्धा मार्क तरी दे!” ती देत नसे.

गावात कुणाचीही दवाखान्याची फाईल आधी आईकडे येते. डॉक्टरांना विचारायला माणसं बिचकतात. बाई मात्र शब्दन्‌शब्द फोडून सांगतात. दोन वर्षांपूर्वी द्वारकाबाई नवऱ्याची, गेणबांची फाईल घेऊन वालचंदनगरला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरवर आल्या होत्या. आईने वाचून सरळ सांगितलं, “ट्रीटमेंट लिहिलंय. क्युअर कुठेच नाही.” गेणबांना ती दिवाळी दिसली नाही. इतकं तोंडावर कशाला सांगायचं, म्हणून मी आईशी आठवडाभर भांडत होते.

या जूनमध्ये बाबांची फाईल आली. बारामतीच्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं. मग आम्हाला म्हणाले, “ट्रीटमेंट चालू ठेवू.”

“डॉक्टर, क्युअर लिहा ना,” आई म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने हात जोडले. डॉक्टरांनी फाईल मिटून तिच्यापुढे सरकवली. मला आईची लाज वाटली, आणि त्या लाजेचीच जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर बाबा झोपले. आईने फाईल उघडली, पर्समधून पेपर तपासायचा पेन काढला, ‘ट्रीटमेंट’वर काट मारली आणि वर ‘क्युअर’ लिहिलं. सुवाच्य, फळ्यावर लिहावं तसं. मी तिला अडवायला हवं होतं. माझा हात उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई चौकशीला आल्या.

“बाई, सायबांचा कागुद काय म्हंतोय?”

“बरे होणार,” आई घाईघाईने म्हणाली. तिने फाईल त्यांच्यापुढे धरली. “हे बघा. क्युअर लिहिलंय.”

द्वारकाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. पण त्यांच्या तिन्ही पोरांच्या वह्या आईनेच तपासल्या होत्या. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग आईचा हात हातात घेतला.

“बाई,” त्या म्हणाल्या, “ही लाल शाई तर तुमची हाय.”