म्हावरं सोडल्याची गोष्ट

वाशीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा इंग्रजीच्या सरांनी एका जुन्या विनोदी नाटकाची गोष्ट सांगितली. एक राजा आणि त्याचे मित्र शपथ घेतात: नुसता अभ्यास करायचा, पोटभर जेवायचं नाही, बायकांकडे बघायचंही नाही. मग एक राजकन्या येते आणि शपथेचे बारा वाजतात. वर्ग हसला. आम्ही करावे गावचे तिघे मात्र भारावून गेलो. गोष्टीचा शेवट आम्ही सोयीस्करपणे विसरलो.

बसमधून घरी येईपर्यंत आमचीही शपथ तयार. बायकांचा प्रश्नच नव्हता, आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग सोडण्यासारखं उरलं काय? म्हावरं. खाडीकाठी जन्मलेल्या तिघांनी परीक्षा होईपर्यंत मासळी खायची नाही असं ठरवलं. असला शहाणपणा आम्हालाच सुचायचा.

माझी आई डोक्यावर पाटी घेऊन खाडीची मासळी विकायची. शपथेचं सांगितलं तर "बरा" एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. एरवी मीठमिरचीवरूनही भांडणारी बाई. तिचं ते गप्प होणं मला खुपलं. पण पोरगा वाळेल याची काळजी असेल, अशी मी माझी समजूत घातली.

अभ्यासाला आम्ही मिठागराच्या रिकाम्या खोलीत बसायचो. मी सगळ्यात कडवा. कोणी कोळंबीचं नाव काढलं तरी डोळे वटारायचो. दुपारी दोघे मित्र "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे आणि बऱ्याच वेळाने फार खुशीत परतायचे. चालण्याने माणूस ताजातवाना होतो, असं मला वाटायचं. इतका मी हुशार.

एका दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून घरी आलो. दारातच खाडीच्या चिखलातल्या निवट्यांच्या कालवणाचा वास. आत दोघे मित्र मांडी ठोकून बसलेले, बोटं रश्शात. ज्याच्या डोक्यातून शपथ निघाली होती, तो तर निवटीचं डोकं चोखत होता. मी उभ्याउभ्याच संयम, त्याग आणि दिलेला शब्द यांवर भाषण ठोकलं. दोघांनी माना खाली घालून ऐकलं. जेवण काही थांबवलं नाही.

मग माझं लक्ष आईच्या ताटाकडे गेलं. भात आणि पातळ डाळ.

"तू का नाय खात?" मी विचारलं.

तिने भात कालवायला घेतला. एक मित्र म्हणाला, "मावशी तवापासून म्हावऱ्याला शिवली नाय. आमाला वाढते नुसती."

"तू खात नाय तं माजे गल्याखाली कसा उतरंल?" आई ताटाकडे बघत म्हणाली. "मना वाटला, कालेजात जाऊन तुला माजे पाटीची घान यायला लागली."

माझं भाषण तिथेच संपलं. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी सडकून भूकही लागली. हात धुवून मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्या ताटात वाढलं. मग मी टोप तिच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या ताटात वाढलं.

पहिला घास घेताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मीठ कवरा कमी हाय," ती दोघांवर करवादली. "एवरे दिस गप खाता, सांगाला तोंड नाय काय?"

मी जेवत राहिलो. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात तिचा आवाज चढला होता.