सुट्टीचं दार

मंगळवारी सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि आई. लिंबाजीमामा पहाटे झोपेतच गेले, वय एकाहत्तर. आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. थोड्या वेळानं म्हणाली, "लई सरळ माणूस. तळ्यावरचं तेवढं एक झालं, न्हायतर नाव ठेवायला जागा न्हवती." बायकोनं मान डोलावली. तळ्यावरचं ते तेवढं एक मामांनी केलेलंच नव्हतं, मी केलं होतं. त्या खोलीत तिघांपैकी ते एकालाच माहीत होतं, आणि अख्ख्या गावातही त्या एकालाच.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. कळंबहून येरमाळ्याकडं जाताना लागणाऱ्या आमच्या गावच्या शाळेत ते शिपाई होते, आणि शाळेच्या शिपायाला आमच्याकडं सगळेच मामा म्हणतात. मला पहिलीत घंटा त्यांनीच दिली, माझ्या मुलीलाही त्यांनीच दिली. एक हेडमास्तर होते, त्यांना शेवटच्या तासाला पोरं दहा-दहा मिनिटं जास्त बसवायची सवय होती. मामा काटा जागेवर आला की टोल द्यायचे. त्यावरून बोलणी खायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं मोठेपणी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घड्याळ सायबाचं आसंल, सुट्टी पोरांची हाय." मला पाटीवर अक्षर गिरवताना पाहिलेला हा माणूस, मी नोकरीला लागल्यापासून मला 'तुमी' म्हणू लागला. आमचं घर शेतकऱ्याचं, गावात जुनं. मामांचं घर बौद्धवाड्यात. त्यांच्या तोंडचं ते 'तुमी' मला कधी खटकलं नाही, हेही आता लिहिताना पहिल्यांदाच ध्यानात येतंय.

मी कळंबला आडतीवर वजनं लिहितो. काट्यावर मी कुणाचं शंभर ग्रॅम मारलेलं नाही, आणि याचा मला बऱ्यापैकी अभिमान होता. मामा मला चेष्टेनं काटेसाहेब म्हणायचे. मी छत्तीस वर्षांचा असताना एका रविवारी सहज त्यांच्याबरोबर गावच्या तळ्यावर गेलो आणि पुढची बारा वर्षं जात राहिलो. मामांना नाद होता मरळ माशाचा. मरळ मेलेल्या चाऱ्याकडं बघत नाही, तिला गळाला हलता-जिता बारका मासा लागतो. म्हणून आधी बारकी मासळी धरायची. ती धरायला मामा कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्यांचे सापळे करत. बाटलीचा गळ्याकडचा भाग कापायचा, उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा आणि कडेनं शिवून टाकायचा. दाभण तापवून अंगभर भोकं पाडायची. आत एक दगड, मूठभर पेंड आणि भाकरीचा चुरा. बाटलीला सुतळी, सुतळीला थर्माकोलचा तुकडा, म्हणजे जागा कळावी. बारकी मासळी रुंद तोंडानं आत जाते आणि बाहेर यायचं अरुंद भोक तिला सापडत नाही. सकाळी टाकलेल्या बाटलीत दुपारपर्यंत वीस-पंचवीस नग. त्यातले लागतील तेवढे बादलीत घ्यायचे, बाकीचे पाण्यात.

हे एवढं कोणीही करतं. पण मामांच्या बाटलीला पोटाशी तीन बोटं रुंदीची एक झडप कापलेली असे आणि ती कच्च्या सुती दोऱ्यानं बांधलेली असे. मामींचा, वाकळा शिवायचा दोरा. मला आधी वाटलं, मासे बाहेर काढायला आहे. मामा म्हणाले, "काढायला न्हवं. बाटली कवा हारपली, सुतळी तुटली, आपण इसरलो... तर आत गेल्याली बिचारी तितंच मरायची. हा दोरा पंधरा-ईस दिसांत कुजतो. दार आपसूक उघडतं. ह्ये सुट्टीचं दार." मी हसलो. त्यांनी हसू दिलं. मग म्हणाले, "हसा काटेसाहेब. पण आपण इसरलो तरी सुट्टी झालीच पायजे."

दोरा कुजायचा म्हणून मामा दर रविवारी नऊच्या नऊ बाटल्यांचा दोरा बदलत. मी हिशेब केला होता, सवयच ती. एका बाटलीला बारा मिनिटं, नवांना एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मी अनेकदा म्हटलं, की गळाची नायलॉनची तंगूस बांधू, दहा वर्षं बघायला नको. मामा नुसती मान हलवायचे. मग एका दसऱ्यानंतर ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं लातूरला गेले, दोन महिन्यांसाठी. जाताना बाटल्या आणि दोऱ्याचं रीळ माझ्या हवाली केलं. पहिल्याच रविवारी मी नऊही झडपा तंगुशीनं बांधून टाकल्या, घट्ट, दुहेरी गाठीनं. पाऊण तासात काम झालं आणि बाटल्या पाण्यात सोडल्या. त्या सकाळी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. संध्याकाळी बाटल्या काढायला गेलो तर वाऱ्यानं पाण्यावरची पानवेल सरकून थर्माकोल तिच्याखाली गेलेला, एकही तुकडा दिसेना. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी आडतीवर सोयाबीनची गर्दी. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग मी विसरलो. 'विसरलो' लिहिणंही पूर्ण खरं नाही. अधूनमधून आठवायचं, आणि मी दुसरं काहीतरी आठवायचो.

मामा परत आले, डोळ्यांना हिरवा चष्मा. पहिलं वाक्य, "बाटल्या कुठायत?" मी म्हटलं, "हारपल्या मामा, पानवेलीत गेल्या." त्यांनी उलट मलाच धीर दिला. "जाऊ द्या. सुट्टी झाली आसंल त्यास्नी."

मी म्हटलं, "व्हय. झाली आसंल."

त्या वर्षी पाऊस ओढलेलाच होता. चैत्रात तळं तळाला गेलं आणि पांढऱ्या, भेगाळलेल्या चिखलात बाटल्या उघड्या पडल्या. नऊ. तिथं त्या दिवशी आम्ही सहा जण होतो. तळ्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडं होता तिचा मुकादम, त्याची दोन माणसं, सरपंचांचा धाकटा भाऊ, मामा आणि मी. संस्थेनं भादव्यात तळ्यात बोटुकली सोडली होती, म्हणजे बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्लं. बाटल्यांत तीच होती. काहींचे नुसते काटे, काही चार-आठ दिवसांपूर्वीची. एक मेलं की त्याच्या वासानं दुसरं आत जात असणार... सहा महिने हे चाललं होतं. किती होती ते मी मोजलं नाही. मी न मोजलेली एवढी एकच गोष्ट असेल.

बाटल्या कुणाच्या हे विचारायची गरज नव्हती, अख्खं गाव त्या ओळखत होतं. मुकादम मामांवर खेकसला, "लिंबाजी, तुला बसू दिलं ती आमची चूक झाली. बीज खाल्लंस तू आमचं. तुमच्या लोकांना हात दिला की असंच." मुकादमाचं वय चाळीस, मामांचं सदुसष्ट. मग माझ्याकडं वळून आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं न्हाय हो मालक. तुमी आपलं बसायला येता." मी तोंड उघडलं असतं तर माझं काय गेलं असतं? फार तर चार लोक हसले असते. पण मी पोतं उचललं आणि बाटल्या गोळा करायला खाली उतरलो. सगळ्यांना वाटलं, किती समजूतदार माणूस. मी उतरलो होतो ते मामांच्या हाती बाटली लागू नये म्हणून. चिखल वाळून झडपांवर बसला होता, तरी बोटाला तंगूस लागत होती.

मामा बांधावर उभे होते. त्यांनी वरून विचारलं, "काटेसाहेब, दोरा तुटला न्हाय का?"

मी म्हटलं, "न्हाय तुटला, मामा."

शब्दाला शब्द खरं होतं. ते खरं आहे म्हणून मला बोलता आलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मामांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मग चूक माजीच. दोरा म्याच दिला व्हता." मुकादमानं त्यांना सांगितलं, पुन्हा बांधावर पाय ठेवायचा नाही. तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी त्या बांधावर बसलेला माणूस मान खाली घालून घरी गेला. बाटल्या मी आमच्या उकिरड्याशी जाळल्या. तंगूस जळताना आक्रसून काळी गोळी होते.

त्यानंतरची साडेतीन वर्षं मी मामांना टाळत नव्हतो, असं मी स्वतःला सांगत होतो. रस्त्यात भेटलो की बोलायचो. मीही तळ्यावर जाणं सोडलं. गावाला वाटलं, मामांसाठी सोडलं. दोन वर्षांपूर्वी येरमाळ्याच्या स्टँडवर मामा भेटले. म्हणाले, "एक काम हाय. मला काय तिकडं जाता येत न्हाय. तळ्यातला गाळ बादलीभर आणून द्याल का?" मी दुसऱ्याच दिवशी बादली त्यांच्या दारात ठेवली आणि निघालो. कशाला, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर काय ऐकावं लागेल, याचा अंदाज होता की काय, ठाऊक नाही.

कशाला ते मला मामा गेल्यावर आठव्या दिवशी कळलं. जलदान विधीला गर्दीत जाऊन आलो होतो, पण मामींशी बोलणं झालं नव्हतं म्हणून पुन्हा गेलो. मामींनी मला परसात नेलं. तिथं निळा प्लास्टिकचा ड्रम होता, अर्धा कापलेला, पाण्यानं भरलेला, तळाला तळ्यातला गाळ. पाण्यात एक बाटली. पोटाशी झडप, झडपेला दोरा. आणि ड्रममागच्या भिंतीवर खडूच्या ओळी. शाळेतल्या फळ्यावर पटसंख्या लिहायचे त्याच हातानं लिहिलेल्या. दोरा कुठला, टाकला कधी, सुटला कधी, दिवस किती. कळंबचा दोरा, येरमाळ्याचा, लातूरचा, मामींच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा. मी ओळी मोजल्या. एक्केचाळीस. चाळिसांपुढं आकडा होता. सगळ्यात जास्त सव्वीस दिवस. एकही दोरा महिना टिकला नव्हता.

"नादच लागला व्हता," मामी म्हणाल्या. "साडेतीन वर्सं. म्हनायचे, समदे दोरे कुजत्यात, मग तळ्यातला का कुजला न्हाय? माजी गाठ चुकली का दोरा चुकला? गाळात काय आसंल म्हून गाळबी आनला. रातीला उठून बसायचे. म्या म्हनायची, मासंच व्हते न्हवं, मानसं न्हवती. तर म्हनायचे, कोंडलं त्ये कोंडलंच."

मी मामींना सांगितलं. उभ्यानं, भिंतीकडं बघत. "तो दोरा नव्हता मामी. तंगूस होती. मी बांधली होती."

त्यांनी पदरानं ड्रमची कड पुसली, पुसायला काही नसताना. मग म्हणाल्या, "मजी ह्ये समदं..." आणि भिंतीकडं हात केला. पुढं म्हणाल्या, "माजी दोन रिळं गेली ह्याच्यात. तुमी गल्लीतनं जाताना त्ये इतंच बसल्याले आसायचे. भिताडाच्या अलीकडं." मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात आडवा केला. "मला कशाला? तितं कोन कोन व्हतं त्या दिशी? त्यास्नी सांगा. मला सांगून त्यांचं नाव धुतलं जात न्हाय." आणि मी निघताना, "ही शेवटची बाटली त्यांनी जायच्या आदी चार दिस टाकलीया. मला लिवता येत न्हाय. तुमाला आकडे येत्यात. येऊन बगत जावा."

त्या दिवशीच्या सहांपैकी मामा आणि मी वजा जाता चार उरतात. तिघांना मी रविवारी भेटून सांगितलं. मुकादम म्हणाला, "आता कशाला उकरताय मालक? मेलं ते मेलं." मी त्याला वाक्य दुसऱ्यांदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा त्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. चौथा पुण्याला कामाला असतो, त्याला फोन केला. घरी आईला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते बरं वाटलं. आणि वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या गावात सात घरी आणि शाळेत येते, म्हणून इथं लिहितोय.

मामींच्या परसात मी रोज संध्याकाळी जात होतो. मामी चहा देत नव्हत्या, या म्हणत नव्हत्या, पण कडी काढून ठेवत होत्या. सातव्या संध्याकाळी गेलो तर पाण्यात दोऱ्याची दोन टोकं तरंगत होती आणि झडप उघडी होती. आत मासा नव्हताच, कधीच नव्हता. खिडकीतला खडू घेतला आणि शेवटच्या ओळीपुढं एकोणीस लिहिलं. मामी मागं येऊन उभ्या राहिल्या. "किती?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय... तेवढेच लागत्यात."

माझ्याकडून मामांना एकच वाक्य येणं होतं, तीन शब्दांचं. तंगूस मी बांधली. ते मी शेवटी मामींना दिलं, चार माणसांना दिलं, आईला दिलं. मामांना दिलं नाही.