पदराची गाठ

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही. देवासमोर हात जोडते तेव्हाही पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच जमेल असं वाटतं. जमेल का?

आम्ही मंगरूळपीरचे. समुद्र टीव्हीवर पाहिलेला, तेवढाच. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या माझ्या दिराच्या, दिनेशच्या, डोक्यात आलं की चौघांनी कोकणात जायचं. होडीनं एका लहानशा बेटावर जायचं, दिवसभर राहायचं, संध्याकाळी परत. पोरं सासूबाईंजवळ ठेवली आणि आम्ही दोघी जावा आपापल्या नवऱ्यांबरोबर निघालो. वर्षा, माझी धाकटी जाऊ, गाडीत सारखी हसत होती. मला तेव्हापासूनच ते हसणं सोसत नव्हतं.

तशी वाईट नव्हती हो ती. तेच तर. भांडखोर असती तर मला सोपं गेलं असतं. आमच्या घरात तिच्या अंगावर माझ्याहून जास्त सोनं नव्हतं, कामही दोघींना सारखंच. पण संध्याकाळी दुकान बंद करून आला की दिनेश आधी तिला हाक मारायचा. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली — ह्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "ऐकतं का," एवढंच.

बेटावर उतरलो तर हे सुरूच्या झाडाखाली तंबाखूचा खर्रा तोंडात टाकून आडवे झाले. पाणी पाहायलाही उठले नाहीत. दिनेश मात्र पँट दुमडून थेट पाण्यात, आणि तिथून वर्षाला हात करतोय — ये ना, ये.

आमच्याकडे बाया नदीवर आंघोळीला गेल्या की एक जण काठावर बसते. बाकीच्यांचं सोनं तिच्या पदराला गाठ मारून ठेवायचं, म्हणजे पाण्यात जायला नको. गळा रिकामा राहू नये म्हणून मंगळसूत्राची पोत काढली की काळा दोरा बांधायचा. वर्षा समुद्रालाही नदीच समजली. घरून दोरा घेऊन आली होती. तो बांधला, पोत काढून माझ्या पदराला गाठ मारली आणि पळाली. मला कोणी विचारलंच नाही की तुला यायचंय का. काठावरची बाई मीच, हे ठरलेलंच होतं. शेजारी दोघांच्या चपला, पिशवी, पाण्याची बाटली.

लाट आली की ती ओरडायची आणि तो तिचा हात धरायचा. मी पाहत होते. मागे हे घोरत होते. मला हेवा वाटला. तिच्या पोतीचा नव्हे. त्या हाताचा.

मधे ती पाणी प्यायला आली, बाटली तोंडाला लावली, परत पळाली. ती गेली आणि मी गाठ सोडली. झाडाच्या मुळाशी वाळू उकरली, पोत आत ठेवली, वरून पायानं सारखी केली. जरा घाबरेल, एवढंच मनात होतं का? असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. खरं नाही ते. तिचं हसणं बंद व्हावं, हेच मनात होतं.

ती बाहेर आली आणि हात पुढे केला. मी म्हणाले, "मंघा पानी प्याले आली तवाच तं देली तुले. गळ्यात घालूनच गेली ना तू."

तिनं गळा चाचपला. आणि — हे मला आजही पेलत नाही — तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. "असंन," म्हणाली, "मीच इसरली."

मग सगळे शोधायला लागलो. मीही गुडघे टेकून वाळू चाळली, भलत्याच जागी. तेव्हा काढून दिली असती तर? पण मग मी खोटी ठरले असते. होडीवाला घाई करत होता. आम्ही निघालो. पोत तिथेच राहिली.

घरी सासूबाईंनी तिच्या गळ्यात हळकुंड बांधलं आणि बोलायचं ते बोलल्या. काही दिवसांनी दिनेशची गाडी कारंजा रोडवर घसरली, पाय मोडला. घरात सगळ्यांनी एकच कारण धरलं. वर्षानं मंगळवार धरले. पाय कधीच बरा झाला, नवी पोतही आली, मंगळवार मात्र चालूच आहेत. तिची उपवासाची साबुदाण्याची उसळ मीच करते. पुन्हा कुठे फिरायला जायचं नाव तिनं काढलं नाही, आणि तशी ती हसलीही नाही. मला हवं होतं ते मिळालं.

मागच्या महिन्यात वाशिमला तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नर्सनं दागिने काढायला सांगितले. दिनेश शेजारीच उभा होता, तरी तिनं पोत माझ्याच पदराला बांधली. दोन गाठी मारल्या.

"तुमच्याजवळच राहू द्या, ताई," म्हणाली. "माहा काही भरवसा नाही. तुमाले तं मालूमच हाये."

मी म्हणाले, "हो."